हजेरीपटावरचे नाव : निरीक्षणगृहातील मुलांच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

अठरा वर्षांखालील मुलांवरच्या गुन्ह्यांच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या कामकाजाविषयी आणि चौकशी चालू असताना अशा मुलांना जेथे ठेवतात त्या निरीक्षणगृहांविषयी (जुन्या बोलीत ‘रिमांड होम’) या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत जामिनापेक्षा शाळेचीच चिंता होती, म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच प्रश्नांना दिले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापता येत नाही आणि त्यात शाळेचे नावही येते. त्यामुळे पत्रलेखकांची नावे, गावे आणि ओळख पटवू शकतील असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा दहावीत आहे, वय पंधरा वर्षे आठ महिने. गावच्या यात्रेत दोन गटांत मारामारी झाली आणि त्यात त्याचे नाव आले. बारा दिवसांपासून तो जिल्ह्याच्या रिमांड होममध्ये आहे. बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की, शाळेचे नाव खराब होते, दाखला काढून न्या आणि पुढच्या वर्षी बाहेरून बसवा. मी शेतमजुरी करते, मला यातले काही कळत नाही. दाखला काढावा का?

उत्तर : ताई, दाखला काढू नका. कोणत्याही कोऱ्या कागदावर किंवा अर्जावर सही अथवा अंगठाही देऊ नका. दहावीचे आवेदनपत्र शाळेने काही महिन्यांपूर्वीच भरलेले असणार. प्रवेशपत्र शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी मिळते आणि अंतर्गत मूल्यमापनाचे व प्रात्यक्षिकाचे गुणही शाळाच परीक्षा मंडळाकडे पाठवते. आज दाखला काढला तर ही सगळी साखळी तुटते. ‘बाहेरून बसवा’ म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म, त्याची या वर्षीची मुदत उलटून गेलेली असते, म्हणजे मुलाचे पूर्ण वर्ष जाते. मुख्याध्यापकांनी तुम्हाला हे सांगितले नसावे.

तुमचा मुलगा आज आरोप झालेला मुलगा आहे, त्याच्यावर काहीही सिद्ध झालेले नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल निर्दोष आहे असे गृहीत धरूनच कारवाई करायची, हे बाल न्याय कायद्याचे पहिले तत्त्व आहे. कलम २४ तर याच्याही पुढे जाते : अपराध केल्याचे निष्पन्न झाले तरी त्या कारणाने मुलावर कोणतीही अपात्रता लादता येत नाही. चौकशी पूर्ण होऊन जे लादता येत नाही, ते चौकशी चालू असताना शाळेने लादावे याला काहीही आधार नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतून काढून टाकण्यावर जी स्पष्ट बंदी घातली आहे, ती आठवीपर्यंतचीच आहे आणि तुमचा मुलगा त्यापुढे गेला आहे. त्यामुळे तुमची भिस्त बाल न्याय कायद्यावर आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्यावर राहील. शाळेने आडमुठेपणा केला तर त्यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

आता करायचे काम. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. मुलासाठी तेथून विनामूल्य वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्या वकिलांना बाल न्याय मंडळापुढे एकाच अर्जात दोन मागण्या करायला सांगा. पहिली मागणी जामिनाची. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आहे आणि न सोडणे हा अपवाद. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याच्या जिवाला अथवा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे वाटण्यास कारण असेल तरच मंडळ जामीन नाकारू शकते आणि नाकारण्याची कारणे त्याला लिहून द्यावी लागतात. दुसरी मागणी पर्यायी आहे : जामीन मिळाला नाही तर प्रात्यक्षिक, तोंडी आणि लेखी अशा सर्व परीक्षांना त्याला साध्या वेशातील कर्मचाऱ्याबरोबर, हातकडी न घालता नेण्यात यावे. अर्जाला वेळापत्रक जोडा. प्रात्यक्षिक परीक्षा याआधीच चुकली असेल तर ‘आऊट ऑफ टर्न’, म्हणजे नेमलेल्या तारखेनंतरच्या, परीक्षेची सोय असते. ती शाळेमार्फत मागावी लागते, म्हणून तेही अर्जात लिहून घ्या.

एका समितीवर सदस्य म्हणून काम करताना मी पाहिले की परीक्षेचे अर्ज बहुधा पेपरच्या आदल्या दिवशी येत. आईला कोणी सांगितलेले नसे, वकिलाला माहीत नसे आणि मुलगा विचारायला घाबरत असे. अनेक जिल्ह्यांत मंडळाची बैठक रोज होत नाही. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. परिविक्षा अधिकारी (लोक त्यांना प्रोबेशन ऑफिसर म्हणतात) मुलाच्या घरची आणि शाळेची माहिती घेऊन मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल देतात. त्यांना भेटून मुलगा दहावीत असल्याचे, नववीचे गुणपत्रक दाखवून, सांगा. भेटीच्या दिवशी पुस्तके आणि वह्या निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांकडे द्या. पुस्तक आत नेऊ न देण्याचे कोणतेही कारण कायद्यात नाही. आणि आदेशाची प्रत मिळाली की त्यात शिक्षणाविषयी एक तरी वाक्य आहे की नाही, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. तोंडी दिलेली परवानगी ज्या कर्मचाऱ्याने ऐकली त्याची पाळी संपली की विरून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी दीड महिना निरीक्षणगृहात राहून परत आला आहे. काही पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत त्याला काढून टाकण्याचा ठराव मांडला आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या छायाचित्रासह मजकूर फिरत आहे. दीड महिन्याच्या गैरहजेरीची नोंद कशी करावी आणि पुढे दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहावे, हेही कळवावे.

उत्तर : सर, तुम्ही ठराव मंजूर होण्याआधी विचारले, याचा आनंद वाटला. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. समितीने एकमताने ठराव केला तरी तो कायद्यापुढे टिकणार नाही. ठरावाखाली सही मात्र तुमची असेल.

गैरहजेरी ही गैरहजेरी म्हणूनच नोंदवा, कारण लिहू नका. त्याचे नाव जनरल रजिस्टरमधून कमी केले असेल तर ते पूर्ववत करा. नाव राहिलेच नाही असे गृहीत धरले तरी त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. दाखल्यावरची वर्तणूक म्हणजे शाळेने स्वतःच्या आवारात पाहिलेली वर्तणूक, पोलिसांच्या कागदातली नव्हे. त्या रकान्यात इतर मुलांसाठी जे लिहिता तेच लिहा. ‘समाधानकारक’ ऐवजी मुद्दाम कोरी सोडलेली जागाही पुढच्या शाळेला बरेच काही सांगून जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकुराविषयी ढिलाई नको. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ वृत्तपत्रांपुरते मर्यादित नाही, ‘संपर्काचे इतर कोणतेही माध्यम’ असे शब्द त्यात आहेत. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पालकसभेत त्या मुलाचे नाव न घेता एवढे कलम वाचून दाखवा. माझ्या अंदाजाने छायाचित्र त्याच रात्री खाली उतरेल.

एकच परिस्थिती अशी आहे की जिथे पालकांचे म्हणणे गांभीर्याने ऐकावे लागते : ज्या मुलाला किंवा मुलीला इजा झाली ते मूलही तुमच्याच शाळेत असेल तर. त्याही मुलाला निर्भयपणे शिकण्याचा तेवढाच हक्क आहे. अशा वेळी तुकडी बदलणे, बाकाची जागा आणि येण्याजाण्याची वेळ वेगळी ठेवणे, गरज पडल्यास परिविक्षा अधिकाऱ्यांशी बोलून दोन्ही कुटुंबांच्या संमतीने दुसऱ्या शाळेची सोय करणे, हे मार्ग आहेत. दुसऱ्या शाळेची सोय होण्याआधी नाव कापणे हा मार्ग नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आठवड्यातून तीन दिवस एका निरीक्षणगृहात मुलांना शिकवायला जाते. एका खोलीत बारा ते सतरा वर्षांची मुले असतात. कोणाला अक्षरओळख नाही, कोणी अकरावी सायन्सला आहे. आज असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात असेलच असे नाही. तेथील एक कर्मचारी म्हणाले, ‘बाई, ही मुले शिकायला आलेली नाहीत.’ मी नेमके काय शिकवावे?

उत्तर : बाई, त्या कर्मचाऱ्यांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते वाक्य कायद्याच्या अगदी उलट आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये, अपराध निष्पन्न झालेल्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवण्याची तरतूद आहे. तेथे त्याला कशासाठी पाठवायचे हे सांगताना सुधारणेच्या सेवांची जी यादी दिली आहे तिच्यात पहिला शब्द ‘शिक्षण’ हा आहे. कौशल्यविकास, समुपदेशन, वर्तनात बदल घडवणारे उपचार हे सगळे त्याच्या नंतर येते. कलम ५३ प्रत्येक संस्थेला वयानुरूप, पूरक आणि विशेष शिक्षणाची सोय करायला सांगते आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा तेथेही लागू असल्याचे स्पष्ट करते. २०१६ च्या आदर्श नियमांत नेहमीची शाळा, सेतुवर्ग, मुक्त विद्यालय, अनौपचारिक शिक्षण असे सगळे पर्याय मोजून दिले आहेत आणि हे शिक्षण संस्थेच्या आत किंवा बाहेर कोठेही देता येईल, असेही म्हटले आहे. आपल्याकडे ‘आत’ एवढेच वाचले जाते. इंग्रजांनी १८९७ च्या कायद्यात अशा संस्थांना ‘सुधारशाळा’ म्हटले, म्हणजे नावात तरी शाळा होती. पुढे ‘रिमांड होम’ हा शब्द रूढ झाला आणि बोलण्यातून शाळा गळून पडली.

तुमच्या अडचणीचे मूळ मुदतीत आहे. निरीक्षणगृह फक्त चौकशीच्या काळापुरते असते. चौकशी चार महिन्यांत संपवायची आणि फार तर दोन महिने वाढवायचे, असे कलम १४ सांगते. त्याआधीच बरीच मुले जामिनावर घरी जातात. म्हणून जून ते एप्रिल असा अभ्यासक्रम तेथे चालणारच नाही. तीन दिवसांत सुरू होऊन तीन दिवसांत संपेल, आणि मूल चौथ्या दिवशी गेले तरी हातात काही राहील, असे घटक करावे लागतील.

पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका. या मुलांनी चाचण्यांत हरूनच शाळा सोडलेली असते. ‘शेवटचा कोणता धडा आठवतो?’ एवढेच विचारा. उत्तरातून इयत्ता कळते, आणि बहुधा शाळा कोणत्या दिवशी व कशामुळे सुटली तेही कळते. ज्याला वाचता येत नाही त्याला बालवाडीची चित्रे दिली तर पंधरा वर्षांचा मुलगा अपमानाने गप्प बसतो. त्याच्या स्वतःच्या नावापासून, गावाच्या नावापासून, एस. टी. च्या पाटीपासून, घरी लिहायच्या पत्रापासून सुरुवात करा. मंडळाच्या आदेशातले ‘बंधपत्र’, ‘जामीन’, ‘पुढील तारीख’ हे शब्द वाचता यावेत, याची ओढ त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. गणितासाठी किराण्याचे बिल, मजुरीचा हिशेब आणि गॅरेजमधली मापे पुरेशी आहेत. मुंबई-पुण्याकडच्या गृहांत मराठी न बोलणारी मुलेही असतात. त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतले आकडे फळ्यावर लिहून घेतले की वर्ग थोडा सैल होतो.

अकरावी सायन्सच्या मुलाला तुम्ही भौतिकशास्त्र शिकवलेच पाहिजे असे नाही. त्याला त्याची पुस्तके, दिवसातले दोन शांत तास आणि महाविद्यालयाशी संपर्क ठेवणारा एक माणूस हवा आहे. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार करावी लागते आणि तिच्यात शिक्षणाचा भाग असतो. तो भाग पुष्कळदा ‘शिक्षणाची आवड आहे’ एवढ्यावर संपतो. अधीक्षकांची परवानगी घेऊन तो तुम्ही भरायला मदत करा : कोणती शाळा, कोणती इयत्ता, हजेरीपटावर नाव आहे की नाही, कोणती परीक्षा केव्हा, फी कोणाकडे थकली आहे. ज्यांची शाळा सुटून वर्षे झाली त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा आयटीआय यांपैकी काय बसते ते तेथे लिहा.

वही प्रत्येकाला स्वतंत्र द्या आणि सुटताना त्याला घेऊन जाऊ द्या, मात्र तिच्यावर संस्थेचा शिक्का नको. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांत असे सांगितले आहे की ताब्यात असताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर मूल संस्थेत होते याचा कसलाही उल्लेख असू नये. तोच न्याय वहीला, चित्रकलेच्या कागदाला आणि कॅरमच्या बक्षिसाला लावा. मोठ्या उत्साहाने छापलेले ‘निरीक्षणगृह वक्तृत्व स्पर्धा, प्रथम क्रमांक’ असे प्रमाणपत्र एका मुलाने गेटबाहेर पडताच फाडून टाकलेले मी पाहिले आहे. ते छापताना आमच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते.

शिक्षकाची जागा अशा संस्थांत बहुधा अर्धवेळ आणि मानधनावरची असते, त्यामुळे तुमच्यासारख्यांच्या तीन दिवसांवर सगळा भार येतो. हे बरोबर नाही आणि ते सांगायची जागा आहे. जिल्ह्याच्या तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. समिती येईल त्या दिवशी वर्गात हजर राहा आणि शिक्षक किती, फळा किती, पुस्तके कोणत्या इयत्तेची, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या.

प्रश्न : सतरा वर्षांचा असताना चोरीच्या एका प्रकरणात मला मंडळाने समज देऊन आणि परिविक्षेवर सोडले होते. त्यानंतर मी बारावी आणि आयटीआय पूर्ण केले. आता एका भरतीचा अर्ज भरतो आहे. त्यात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ असा रकाना आहे. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागितला आहे. काय लिहू?

उत्तर : तुमच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार त्या प्रकरणाची कोणतीही अपात्रता तुम्हाला चिकटत नाही. कलम ७४ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. आणि आदर्श नियमांनुसार अशा नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंतच ठेवून नंतर नष्ट करायच्या असतात. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी बालन्यायालयात प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. तुमचे प्रकरण त्यात बसत नाही.

रकान्याबाबत मात्र थोडी सबुरी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका केंद्रीय सुरक्षा दलातील उमेदवाराच्या प्रकरणात, अल्पवयात घडलेली गोष्ट सांगितली नाही म्हणून त्याची नेमणूक रद्द करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. तरीही प्रत्येक अर्जातील शब्द वेगळे असतात आणि ‘माहिती लपवली’ या आरोपावर वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत बसणे तुम्हाला परवडणारे नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढा, अर्जाची प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्यानेच उत्तर लिहा. चारित्र्य दाखल्यावर जुन्या प्रकरणाचा उल्लेख आला तर तो गुपचूप स्वीकारू नका. कलम ७४ चा हवाला देऊन पोलीस अधीक्षकांकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करा आणि एक प्रत मंडळाला द्या.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बारावीत आहे. मार्चमधल्या एका गुन्ह्यात त्याला अटक झाली आणि तो मध्यवर्ती कारागृहात आहे. आधार कार्डावर त्याची जन्मतारीख १ जानेवारी आहे, त्यामुळे तो अठरा वर्षे पूर्ण केलेला धरला. शाळेच्या दाखल्यावर त्याच वर्षीची १ जून आहे. त्याला तुरुंगातून पुरवणी परीक्षेला बसता येईल का?

उत्तर : खटला चालवणाऱ्या न्यायालयाकडे परीक्षेसाठी अर्ज करता येतो. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नापेक्षा तुमच्या पत्रातल्या दोन तारखा कितीतरी मोठ्या आहेत. १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात किती पिढ्यांना गुरुजींनी बहाल केली आणि १ जानेवारी किती जणांना आधारच्या यंत्राने दिली, याचा हिशेब नाही. कायद्याने मात्र या दोन तारखांना सारखे मानलेले नाही. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधार कार्ड त्या क्रमात कोठेच नाही. २०२४ मध्ये एका मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने आधारवरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली.

वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. शाळेच्या तारखेने तुमचा भाऊ मार्चमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेला नव्हता. तसे असेल तर त्याची जागा तुरुंगात नाही आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले पाहिजे. आता त्याचे वय अठराच्या पुढे गेले असले तरी जामीन न झाल्यास त्याला ‘सुरक्षित स्थानी’, म्हणजे तुरुंग किंवा पोलीस कोठडी नसलेल्या संस्थेत, ठेवायचे असते. हा दावा कलम ९ नुसार कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागल्यानंतरसुद्धा करता येतो. तुमच्या वकिलांनी तो केलेला दिसत नाही. त्याने जेथे पहिलीत प्रवेश घेतला त्या शाळेत उद्याच जा, जनरल रजिस्टरमधील नोंदीचा प्रमाणित उतारा लेखी अर्ज करून मागा, दहावीचे प्रमाणपत्र घरात असेल तर तेही काढून ठेवा, आणि दोन्ही कागद पुढच्या तारखेआधी वकिलांच्या हाती द्या. परीक्षेचा अर्ज त्याच वेळी करता येईल.